पावसाळा आणि परसातील कोंबडी

वसंतातील व्याख्यानांत वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत नाना विषय येतात. त्यांच्या पंगतीला कोंबडीनेही येऊन बसावे, आणि तेही ताटात नव्हे तर पाटावर, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ज्या घरांच्या परसात कोंबड्या आहेत, त्या घरांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर ठामपणे देणारे फार थोडे असतात. गार वारा सुटला आहे, पाऊस झिमझिमत आहे, खुराड्याच्या दाराशी कोंबड्या कलकलाट करीत आहेत. दार उघडावे की नाही?

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, मुक्या जिवाला भिजवून काय मिळवायचे? चार महिने आतच ठेवा, दाणा-पाणी घाला, म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, रानातले पाखरू ते. त्याला पावसाचे काय कौतुक? आमच्या आजीने कधी कोंबडी कोंडली नाही. पहिल्या पक्षाच्या कोंबड्या खुराड्यात सर्दीने व हगवणीने मरतात, दुसऱ्याच्या उघड्यावर गारठून मरतात, आणि दोघेही पावसाला दोष देतात. आमचे म्हणणे असे, की दोन्ही पक्षांत अर्धे अर्धे सत्य आहे. ते कोठे सुरू होते व कोठे संपते, हे कोंबडीच्या शरीराची घडण समजून घेतली म्हणजे आपोआप दिसते. तेच आज पाहावयाचे आहे.

हा विषय क्षुल्लक नव्हे, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या गणनेपेक्षा ती सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. यांतील पुष्कळशा कोंबड्या बायकांच्या हातच्या असतात. अंड्यांचा पैसा हा अनेक घरांत घरधनिणीचा स्वतःचा असा एकमेव पैसा असतो. त्यातून मुलाची वही येते, औषधाची बाटली येते. शहरातील आपल्यासारख्यांची चार कोंबड्या गेली तर हळहळ वाटते; गावात दहा गेल्या तर वर्षाचा आधार जातो.

रानातले माहेर

आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्यापासून ब्रह्मदेश, थायलंड, दक्षिण चीन आणि पुढे जावा बेटापर्यंत त्याचा वावर आहे. डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ याच एका पक्ष्याकडे नेले होते. पुढे पेशींतील आनुवंशिक द्रव्य वाचण्याची विद्या हाती आली, तेव्हा डार्विनचे म्हणणे बहुतांशी खरे ठरले. पण त्याला एक सुंदर पुरवणीही जोडली गेली. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून तो राखी रानकोंबड्याकडून आला आहे, असे २००८ साली दिसून आले. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा रहिवासी होय. कोयनेच्या किंवा आंबोलीच्या रानात पहाटे ज्याची तुटक, घोगरी बांग ऐकू येते तोच हा. म्हणजे परसातील पिवळ्या पायांच्या कोंबडीत सह्याद्रीचाही थोडा अंश आहे.

या माहेराकडे पाहिले म्हणजे दुसऱ्या पक्षाचा मुद्दा पटतो. हे दोन्ही पक्षी पावसाच्या मुलखातले आहेत. महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीस त्याहूनही अधिक. आणि तरी त्या रानांत रानकोंबडा नांदतो. मग आपल्या कोंबडीनेच नाजूक का असावे?

परंतु इथे एक गोष्ट विसरली जाते. रानकोंबडा पावसाच्या मुलखात राहतो खरा, पण पावसात राहत नाही. त्याच्या डोक्यावर झाडांचे दोन-तीन मजले असतात, खाली करवंदीची व कारवीची जाळी असते, पायाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो. मोठी सर आली की तो जाळीत शिरतो, मान उंच धरतो, शेपूट खाली सोडतो. पाठीवरचे पाणी उतारावरून गळून जाते. रात्री तो फांदीवर झोपतो, म्हणजे त्याची विष्ठा खाली पडते आणि तो वर कोरडा राहतो. आपण त्याच्या वंशजाला उघड्या अंगणात किंवा एखाद्या पेटीत आणले. जाळी काढून घेतली, पाचोळा काढून घेतला, फांदी काढून घेतली, आणि मग म्हणतो, रानातले पाखरू आहे, सोसेल! रानातील सोशिकपणा हवा असेल तर रानातील आडोसाही दिला पाहिजे.

इरले आणि घोंगडी

कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. माणसाला एवढा ताप चढला तर घरात धावपळ उडेल. कोंबडीची ती नेहमीची स्थिती आहे. ही उष्णता राखण्यासाठी निसर्गाने तिला दोन वस्त्रे दिली आहेत. कोकणातला शेतकरी लावणीच्या वेळी डोक्यावर इरले घेतो आणि देशावरचा धनगर घोंगडी पांघरतो. कोंबडीने ही दोन्ही एकाच अंगावर बाळगली आहेत.

वरची पिसे हे इरले. भिंगाखाली पीस पाहिले तर मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक काड्या, त्या काड्यांना त्याहून बारीक धागे आणि त्या धाग्यांना सूक्ष्म आकडे दिसतात. आकडे एकमेकांत अडकून पिसाचा सलग, दाट पापुद्रा बनतो आणि त्यावरून पाण्याचे थेंब घरंगळतात. कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक लहानशी गाठ असते. ती चोचीने तेथील तेल घेऊन पिसांना लावीत असते, आणि विस्कटलेले आकडे पुन्हा जुळवीत असते. दुपारी कोंबडी पिसे साफ करीत बसली म्हणजे ती रिकामटेकडी आहे असे समजू नये. ती आपले इरले दुरुस्त करीत असते.

आतली मऊ लव ही घोंगडी. लवेच्या तंतूंत हवा अडकून राहते, आणि हवा ही उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे अंगाची ऊब बाहेर जात नाही. गारठ्यात कोंबडी पिसे फुलवून गोल होते ती अधिक हवा कोंडून घेण्यासाठी. पायांवर पिसे नसतात, म्हणून ती एक पाय पोटाखाली घेते आणि चोच पंखांत खुपसते. या व्यवस्थेमुळे कोरडी, भरल्या पिसांची, पोटभर खाल्लेली कोंबडी थंडीला सहसा दाद देत नाही. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे उन्हाळाच तिला अधिक जाचतो. आपल्या पावसाळ्याची थंडी ती काय! कोकणपट्टीत आषाढातही पारा २४ ते २८ अंशांच्या आसपास असतो; महाबळेश्वरासारख्या ठिकाणी तो १७-१८ पर्यंत उतरतो, इतकेच. १८ ते २४ अंश हा तर कोंबडीला सर्वांत सुखाचा पट्टा मानला जातो. तेव्हा नुसत्या थंडीने आपल्याकडील प्रौढ कोंबडी मरते, हे म्हणणे टिकत नाही.

अर्ध्या अंड्याचा हिशोब

मग मारते कोण? मारते ती ओल, आणि ओलीला वारा मिळाला म्हणजे अधिकच. कोंबडीचे इरले बदकाच्या इरल्यासारखे पक्के नसते. झिमझिम पाऊस ते तासभर अडवील. झड लागली तर पाणी हळूहळू आत शिरते. लव भिजली की तिच्यातील हवेची जागा पाणी घेते, आणि ऊब धरून ठेवणारी वस्तूच ऊब घालविणारी होते.

याचा थोडा हिशोब मांडून पाहू. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, एका कोंबडीच्या पिसांत ५० ग्रॅम पाणी मुरले, आणि ते सारे तिच्याच अंगच्या उष्णतेवर सुकावयाचे आहे. ५० गुणिले ५८० म्हणजे २९,००० कॅलरी. आहारशास्त्राच्या मोठ्या मापाने २९ किलोकॅलरी. दिवसाला ११० ग्रॅम चांगले खाद्य खाणाऱ्या कोंबडीला त्यातून सुमारे ३०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एकदा चिंब भिजण्याची किंमत दिवसाच्या अन्नाचा दहावा हिस्सा. गावठी कोंबडीच्या एका लहान अंड्यात ५०-६० किलोकॅलरी असतात. त्या मापाने ही किंमत अर्ध्या अंड्याची झाली. प्रत्यक्षात काही उष्णता भोवतालच्या हवेतूनही येते, म्हणून आकडा थोडा उतरेल. पण वारा असेल, पोट रिकामे असेल, आणि दिवसातून दोनदा भिजणे झाले, तर तो चढेलही.

सुदृढ कोंबडी ही किंमत एखाददुसऱ्या दिवशी भरू शकते. अंडे चुकेल, जीव राहील. परंतु रोज भिजणे आणि रात्री ओल्या अंगाने ओल्या जमिनीवर बसणे सुरू झाले, म्हणजे शरीराची शिल्लक संपते, आणि मग एरवी जे जंत व जंतू तिने दाबून ठेवले असते ते वर डोके काढतात. आपण म्हणतो, पावसाने मेली. पावसाने ती दुर्बळ झाली; मेली ती रोगाने.

कोंडून ठेवल्याचे काय?

हे ऐकून पहिला पक्ष म्हणेल, आम्ही तेच म्हणत होतो, आतच ठेवा. आता त्यांच्या बाजूची तपासणी करू.

पक्षी वेगळी लघवी करीत नाहीत. त्यांच्या विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तेच त्यांचे मूत्र. या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, आणि दहा मोठ्या कोंबड्या दिवसाला किलोभराहून अधिक विष्ठा टाकतात. बाहेर फिरणारी कोंबडी ती अंगणभर पसरते. कोंडलेली कोंबडी सारी पायाखालीच साठविते. उन्हाळ्यात ती वाळते. पावसाळ्यात ती वाळत नाही, सडते, आणि त्यातून अमोनिया नावाचा वायू सुटतो. खुराड्याचे दार उघडताच डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे. आपण क्षणभर नाक दाबून बाजूला होतो. कोंबडीला जमिनीपासून वीतभर उंचीवर तोच वायू रात्रभर हुंगावा लागतो. त्याने श्वासनलिकेचा नाजूक पडदा दुखावतो आणि छातीच्या रोगांना वाट मोकळी होते.

दुसरे संकट रक्ती हगवणीचे. तिचा सूक्ष्म जीव आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. बाहेर पडताच तो बाधक नसतो; ऊब, ओल आणि हवा मिळाली की एकदोन दिवसांत बाधक होतो. पावसाळ्यातील बंद, ओले खुराडे म्हणजे या जीवासाठी मुद्दाम केलेली उबवणीच होय. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना तो सर्वांत जास्त छळतो.

शिवाय कोंडलेल्या कोंबड्यांना उकरायला जागा नसते, वेळ जात नाही. मग त्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, आणि उपटलेल्या जागी इरलेच राहत नाही. बाहेरचा गवताचा पाला, किडे, पहिल्या पावसानंतर उडणारी पंखांची वाळवी हे सारे फुकटचे सकस अन्न हुकते. कोवळ्या हिरव्या पाल्यानेच अंड्याचा बलक गडद केशरी होतो. सारांश, पावसातील अंगण कोंबडीचे एका दिवशी जितके नुकसान करते, तितके कोंदट खुराडे सावकाश, पण रोज करीत असते.

दार कोणासाठी उघडावे?

दोन्ही बाजू ऐकल्यावर निकाल देणे कठीण नाही. ज्या प्रौढ कोंबड्या निरोगी आहेत, ज्यांची पिसे भरलेली आहेत, आणि ज्यांना वाटेल तेव्हा परत येण्यास कोरडी जागा आहे, त्यांच्यासाठी दार उघडावे आणि निवड त्यांच्यावर सोपवावी. पाऊस किती सोसवतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. झिमझिमीत त्या चरतील, सर आली की वळचणीला येतील. दार उघडून मागे लावून घेणे मात्र अन्याय आहे. जाण्याची मोकळीक तीच परतण्याचीही असली पाहिजे.

काहींच्या बाबतीत मात्र निवड आपणच करावी. पहिली पिले. त्यांच्या अंगावर नुसती लव असते, इरले नसते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत न्यावी लागते. सहा ते आठ आठवड्यांची होऊन पिसे भरेपर्यंत त्यांना पावसाचा थेंब लागू देऊ नये. दुसऱ्या, पिसे झडत असलेल्या कोंबड्या. दिवस लहान होऊ लागले म्हणजे जुनी पिसे गळून नवी येतात, त्या काळात त्या अर्ध्या उघड्याच असतात. तिसऱ्या, आजारातून उठलेल्या किंवा नुकत्याच खुडूकपणातून उठून वाळलेल्या. चौथ्या, जातीनेच पिसे कमी किंवा सैल असलेल्या. उघड्या मानेची कोंबडी आणि उलट्या पिसांची कोंबडी उन्हाळ्यात सुखी असतात. तीच त्यांची पावसातील उणीव. हौसेने आणलेल्या रेशमी पिसांच्या कोंबडीच्या पिसांत ते सूक्ष्म आकडे जुळतच नाहीत. ती कापसासारखी भिजते.

दिवसाचेही तारतम्य आहे. सोसाट्याचा वारा व झड एकत्र असतील तर त्या दिवशी दार बंद ठेवण्यात काही बिघडत नाही. एक दिवस कोंडणे आणि चार महिने कोंडणे यांत फार अंतर आहे. संध्याकाळी शेवटचा तासभर पाऊस असेल तर कोंबड्या लवकर आत घ्याव्या, कारण दिवसा भिजलेली कोंबडी हिंडून सुकते, पण सांजेला भिजलेली रात्रभर ओली बसते. पावसात बिळांत पाणी शिरल्याने साप व मुंगूसही घरांकडे येतात, तेव्हा अंधारापूर्वी दार लावून कडी नीट पाहावी.

येथे या दिवसांपुरती एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवतो. अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. मेच्या मध्यावर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली, तर पिले मृगाच्या तोंडावर बाहेर येतात आणि जुलैच्या ऐन पावसात ती बरोबर तीन ते सहा आठवड्यांची असतात. म्हणजे लव पुरी गेलेली नाही, इरले पुरे आलेले नाही, आणि हगवणीचे वय नेमके तेच! ज्यांच्यापाशी पिलांसाठी कोरडी, उबदार खोली नाही त्यांनी या दिवसांत खुडूक बसवू नये हे उत्तम. पावसाळा सरल्यावर बसविलेली खुडूक अधिक पिले जगविते.

कोरडे खुराडे

दार उघडण्याचा हक्क कोरड्या खुराड्याने मिळतो, हे एव्हाना ध्यानात आले असेल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. पाऊस येण्यापूर्वी थोडे लक्ष लागते.

खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच, किंवा निदान वीतभर उंच जोत्यावर असावे. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या इतके ते पुढे आलेले असावे, आणि पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारी चर असावी. नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन येतो, म्हणून त्या बाजूची भिंत भरीव ठेवावी आणि तोंड पूर्वेकडे असावे.

परंतु चारी बाजू ताडपत्रीने गुंडाळून टाकण्याचा मोह आवरावा. हीच चूक सर्वत्र होते. हवा खेळणे आणि झोत लागणे या निराळ्या गोष्टी आहेत. बसलेल्या कोंबडीच्या अंगावर झोत येता कामा नये. तिच्या डोक्यावरून, छपराच्या खाली, हवा सदैव वाहिली पाहिजे. श्वासाची वाफ आणि अमोनिया तेथूनच बाहेर जातात. सकाळी छपराच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसले तर वाऱ्याची वाट अपुरी आहे असे समजावे.

आत बसण्यासाठी आडव्या दांड्या असाव्या. प्रत्येक कोंबडीस वीतभर दांडी पुरते. जमिनीवर चार बोटे जाड भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरावा. मूठभर तूस दाबून पाहावे. मूठ उघडताच ते मोकळे झाले तर ठीक. गोळा राहिला तर ओल फार आहे. ओला भाग काढून नवे तूस घालावे आणि दर दोन-चार दिवसांनी सारे खालीवर करावे. बुरशी आलेला पेंढा मात्र कधीही अंथरू नये. ती बुरशी पिलांच्या फुप्फुसात शिरते. आणि कोपऱ्यात, छपराखाली, कोरडी माती व चुलीची राख यांची एक पाटी ठेवावी. कोंबडी धुळीने न्हाते, आणि पावसाळ्यात तिच्या न्हाणीघराची सारी धूळ चिखल झालेली असते. मग पिसांत उवा व गोचिडी माजतात.

अंगणात दाराशी चिखल होतो तेथे खडी व वाळू टाकावी. एक-दोन जागी झावळ्यांचा उतरता आडोसा उभा करावा. रानातील जाळीची ही परसातील नक्कल होय. ती असली म्हणजे कोंबडी धीराने बाहेर पडते.

दाणा, पाणी आणि मर

पावसाळ्यात दाण्याचे भय निराळे असते. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता असे आढळले, की त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर एक बुरशी वाढली होती आणि तिने विष सोडले होते. त्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. तीच बुरशी आपल्या दमट कोठीत ओल्या मक्यावर आणि पेंडीवर वाढते. म्हणून पावसाळ्यात पोत्याने दाणा साठवू नये, पोते भिंतीला व जमिनीला टेकू देऊ नये, आणि माणसाच्या पोटी नको म्हणून बाजूला काढलेला बुरसटलेला दाणा कोंबडीपुढे टाकू नये. जे आपल्याला विष ते तिलाही विषच.

पाणी भांड्यातलेच पाजावे. डबक्यात विष्ठा धुऊन आलेली असते. पावसात वर येणारी गांडुळे कोंबडी आवडीने खाते. ती सकस असली तरी काही जंतांचे वाहनही असतात. तेव्हा पावसापूर्वी एकदा व नंतर एकदा पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे.

आणि मर! राणीखेत किंवा मानमोडी म्हणून जिला ओळखतात ती साथ आली म्हणजे एका आठवड्यात गल्लीतील खुराडी रिकामी होतात. तिला औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब आणि सुमारे दोन महिन्यांनी दुसऱ्या लसीची सुई, ही रीत आता सर्वत्र रूढ आहे. या दुसऱ्या लसीच्या वाणाला मुक्तेश्वर असे नाव आहे. कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे जी पशुरोग-संशोधन संस्था नांदली, तिचा आरंभ १८८९ साली पुण्यात झाला होता. पुढे १८९३ साली ती तेथे हलविली गेली. शंभर वर्षांहून अधिक काळ विद्वानांनी जे कष्ट घेतले ते थेंबभर औषधात आपल्या दाराशी येऊन उभे आहे, आणि तरी आपण लस न टोचता पावसाला बोल लावतो.

२००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरास बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशी साथ जवळपास असल्याचे सरकारने जाहीर केले, की वर सांगितलेला मोकळीकीचा नियम बाजूला ठेवून सूचना असेल तोवर कोंबड्या आतच ठेवाव्या. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. तेथे आपल्या कोंबडीपेक्षा शेजाऱ्याच्या जिवाचा प्रश्न मोठा असतो.

एखादी कोंबडी चिंब भिजून थरथरत असली तर घाबरून जाऊ नये. कोरड्या फडक्याने पिसांच्या दिशेने टिपून घ्यावी. घासू नये, त्याने आकडे सुटतात. मग खोक्यात कोरडा भुसा घालून उबदार, वारा नसलेल्या जागी ठेवावी, कोमट पाणी व थोडा दाणा द्यावा, आणि पूर्ण सुकल्यावरच इतर कोंबड्यांत सोडावी. दुसऱ्या दिवशीही ती पिसे फुलवून डोळे मिटून बसली, तर तो गारठा नव्हे, रोग आहे असे समजून दवाखाना गाठावा.

आता सारे एकत्र करू. कोंबडीचे शत्रू थंडी आणि पाऊस हे नव्हेत. साचलेली ओल, अंगावरचा झोत आणि कोंडलेली हवा हे तिचे शत्रू होत. पहिल्या पक्षाने खुराड्याचा झरोका उघडावा आणि दुसऱ्या पक्षाने अंगणात आडोसा उभा करावा, म्हणजे त्यांचे भांडण मिटले. हे करण्याचे दिवस मात्र हेच आहेत. मृगाची पहिली सर आल्यावर कौल शाकारता येत नाही आणि ओले तूस वाळविता येत नाही. कोंबडी आपल्याला अंडे देते, पिले देते, परसातील किडे वेचते, आणि मोबदल्यात मूठभर दाण्याखेरीज काही मागत नाही. निदान मागताना आपल्याला कळत नाही. पाळलेल्या जिवाचे रान आपण काढून घेतले आहे. त्या रानाच्या बदल्यात एक कोरडी जागा आणि एक उघडे दार एवढे तरी आपण तिला दिले पाहिजे. पाऊस तोंडावर आला आहे. खुराड्याचे छप्पर आज संध्याकाळीच पाहून घ्यावे.